वल्हांडणाची घाई

त्या घरात माणसांच्या आधी आजीला जेवायला मिळे. आजी म्हणजे कुणी बाई नव्हे. कोनाड्यातल्या चिनी मातीच्या बरणीत राहणारं खमीर. सासूबाईंच्या सासूबाईंनी ते कुठून तरी ओंजळभर आणलं होतं. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ मूठभर पीठ नि घोटभर पाणी खाऊन ते जिवंत होतं, आणि खालच्या बेकरीतला प्रत्येक पाव त्याच्याच पोटचा होता. एक वेळ चुकली की आजी रुसायची, आंबटढाण व्हायची, आणि दुसऱ्या दिवशीचे पाव विटांसारखे निघायचे. म्हणून घरातलं कुणीतरी एक माणूस कायम घरात. लग्न असो, मयत असो, एकानं मागे राहायचं. सासरे गेल्यापासून ते एक माणूस म्हणजे सूनबाई.

"आजी जेवली का?" हा सासूबाईंचा सकाळचा पहिला प्रश्न. "ठमी उठली का?" हा दुसरा. ठमी म्हणजे सूनबाईची लेक, नुकती चालायला लागलेली, गालाला सदैव पीठ फासलेली. "तू जेवलीस का?" हा प्रश्नही यायचा, पण दुपारी. सासूबाई मायाळू होत्या, एवढंच की त्यांची माया क्रमानं यायची.

नवरा भट्टीच्या धगीला लहानपणापासून वैतागलेला. बाप गेल्यावर वर्षभर त्यानं कसंबसं निभावलं आणि मग तो दूरच्या शहरात नोकरीला गेला तो थेट बर्फाच्या कारखान्यात. "माझा मुलगा पेटला की विझतोच," सासूबाई गिऱ्हाइकांना सांगत आणि स्वतःच हसत. तो गेला तेव्हा ठमी पोटात होती. मागोमाग सूनबाईनं जायचं हे सगळ्यांचं ठरलेलं होतं. ठरलेलंच होतं, त्यात वाद नव्हता. फक्त आधी बाळंतपण होऊ दे. मग बाळाला बसता येऊ दे. मग दात येऊ देत, दात येताना परक्या गावचं पाणी नको गं बाई. मग भट्टीची फरशी उखडली होती ती बसवून होऊ दे. सासूबाई कधी नाही म्हणाल्या नाहीत. नाही म्हणाल्या असत्या तर निदान भांडता तरी आलं असतं. त्या नेहमी "हो, जायलाच हवं" म्हणायच्या, आणि त्यापुढे एक "फक्त" जोडायच्या.

वरची खोली दोघींची आणि ठमीची. एका भिंतीमागून भट्टीचं धुराडं जायचं, म्हणून ती भिंत बारा महिने उबदार असे. त्या भिंतीला टेकून सूनबाई ठमीला पाजायची. समोर खिडकी, खिडकीखाली गल्ली, गल्लीपलीकडे शिंपीणकाकूंचं दुकान. एवढंच जग. नवऱ्याचा फोन आला की ठमी फोन कानाला लावून "बाबा" म्हणायची. इथवर ठीक होतं. पण हल्ली ती फोन वाजत नसतानाही, टेबलावर पालथा पडलेला असतानाही त्याच्याकडे बोट दाखवून "बाबा" म्हणायची. एकदा शिंपीणकाकूंच्या फोनलाही म्हणाली. काकू खो खो हसल्या. सूनबाईही हसली, आणि मग पदराआड तोंड करून बराच वेळ पोरीचं नाक पुसत बसली. ते पुसलेलंच होतं.

त्या सोमवारी नवऱ्याचा फोन आला तेव्हा पाठीमागे बर्फ फोडायच्या यंत्राची खडखड चालू होती. तो ओरडूनच बोलला, "खोली मिळाली! कारखान्याचीच आहे. पण बायकापोरांसह राहणाऱ्यालाच देतात. शनिवारपर्यंत कुटुंब आलेलं दिसलं पाहिजे, नाहीतर मागच्या माणसाचा नंबर."

"शनिवार? अरे, रविवारी सण आहे. पुनरुत्थानाचा रविवार. बेकरीला श्वास घ्यायला फुरसत नसते."

"मला माहितीय. मी त्याच बेकरीत वाढलोय." मग तो म्हणाला, "शुक्रवारी सकाळची गाडी पकड. पुढची खोली कधी मिळेल, देव जाणे. मिळेल की नाही, तेही."

मंगळवारी चर्चचे पाळक आले. उंच, वाकलेले, गोडाचे शौकीन. दर वर्षी या आठवड्यात ते प्रभुभोजनाच्या भाकरीसाठी सांगून जात, आणि सांगता सांगता काचेच्या बरणीतली दोन बिस्किटं खाऊन जात.

"गुरुवारी संध्याकाळी, बाई. नेहमीसारखीच. बेखमीर."

"तीस वर्षं करतेय मी, पाळकसाहेब. तुम्ही दर वर्षी 'बेखमीर' असं सांगता जसं काही मी केक आणणार आहे."

पाळक हसले. "यंदा मी वल्हांडणाची, म्हणजे मिसरातल्या गुलामीतून निघायच्या रात्रीची, गोष्ट मुळापासून वाचणार आहे. लोकांना वाटतं, बेखमीर म्हणजे फक्त एक नियम."

"नियम कसा? अर्थ आहे त्याला," सासूबाई म्हणाल्या. शास्त्राच्या बाबतीत त्या कुणाला हार जात नसत. "खमीर म्हणजे मनातलं पाप. चिमूटभर असलं तरी सगळा गोळा फुगवतं. प्रेषित पौलानं म्हटलंय, जुनं खमीर काढून टाका. पण एक सांगू? प्रभूनं स्वतः स्वर्गाच्या राज्याला खमिराची उपमा दिलीय. एका बाईनं पिठात लपवलेल्या खमिराची. बाईच्या! तेव्हा आमच्या आजीला अगदीच पापी म्हणू नका."

"नाही म्हणत," पाळकांनी तिसरं बिस्किट उचललं. "तुमचं म्हणणं खरंच आहे. पण ते अर्थ मागाहून उमगलेले. पहिल्या रात्री त्या भाकरीला काही अर्थ नव्हता, बाई. तिला फक्त वेळ नव्हता. निघायची हाक कधी येईल ठाऊक नाही, तर कणीक फुगेपर्यंत थांबणार कोण?"

सूनबाई गल्ल्याशेजारी पावांवरची राख झटकत होती. तिचा हात थांबला. मग सासूबाईंनी "ठमी बघ कुठं गेली" म्हटलं आणि तो चालू झाला.

बुधवारी दुपारी तिनं धीर केला. सासूबाई पोळपाटाएवढ्या चाळणीतून पीठ चाळत होत्या; हल्ली त्या चाळण हातानं न हलवता कोपरांनी रेटत. सूनबाईला वाटे, वय.

"आई, ह्यांचा फोन होता. खोली मिळालीय. शुक्रवारी निघायला हवं."

"अगं मग छानच झालं!" सासूबाईंचा चेहरा खरंच उजळला. "जायलाच हवं. नवरा-बायकोनं असं वेगळं राहू नये. मी केव्हाची म्हणतेय. फक्त एवढा रविवार जाऊ दे."

"पण खोली शनिवारपर्यंतच..."

"एका दिवसानं कुणी खोली पळवत नाही. त्याला म्हणावं, साहेबाला समजाव. सणाच्या तोंडावर भट्टी कोण सांभाळणार? माझा एकटीचा का जीव आहे?" मग आवाज खाली आणून, "सोमवारी मी स्वतः तुला गाडीत बसवते. शपथ."

आणि सूनबाईच्या तोंडून आपोआप निघालं, "बरं."

ते निघालं आणि तिला स्वतःचाच राग आला. पण शब्द म्हणजे काही पीठ नव्हे, सांडलं तर पुन्हा भरायला. संध्याकाळी तिनं फोन केला. तिकडे यंत्र बंद होतं. त्याच्या श्वासाचाही आवाज येत होता.

"आईला सांगितलंस?"

"सांगितलं. रविवार जाऊ दे म्हणाल्या."

"आणि तू काय म्हणालीस?"

"बरं म्हणाले."

ठमी तिच्या मांडीवरून फोनला चापट्या मारत होती, "बाबा, बाबा."

"मग बरं," तो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

गुरुवारी बेकरी बंद. त्या घराची एक जुनी रीत होती: ज्या दिवशी प्रभुभोजनाची भाकर करायची, त्या दिवशी घरात खमिराचा कण नको. आजीची बरणी सकाळीच शिंपीणकाकूंकडे पोचती व्हायची. "लवकर घेऊन जा बाई तुमची म्हातारी," काकू म्हणायच्या, "रात्री झाकण उडवते, मला वाटतं चोर आला." मग वरच्या खोलीतला दगडी ओटा गरम पाण्यानं घासायचा, भांडी राखेनं, हात कोपरापर्यंत. पीठ, पाणी, बस. भिजवलं की लगेच लाटायचं, लाटलं की लगेच भट्टीत. सासूबाई ते काम दुसऱ्या कुणाला करू देत नसत. यंदा मात्र ओटा घासून झाल्यावर म्हणाल्या, "तू कर. शिकायला हवं तुला." आणि खाली जाऊन भट्टीत लाकडं रचू लागल्या.

सूनबाईला नवल वाटलं, पण विचार करायला तिचं डोकं जागेवर नव्हतं. ते कालच्या "मग बरं"पाशी अडकलेलं. तिनं कणीक भिजवली, मळली, मऊसूत गोळा केला. आणि मग तिच्या हातांनी रोजचंच केलं. खुंटीवरचं ओलसर फडकं काढलं, गोळ्यावर घातलं, परात उबदार भिंतीला सरकवली. तेवढ्यात ठमी रडत उठली. तिला पाजलं, जोजवलं. पोरगी खांद्यावरच झोपली. उतरवली की जागी व्हायची, म्हणून सूनबाई तिला घेऊन खिडकीपाशी बसून राहिली. रस्त्यावरून लोक जात होते. कुणाच्या हातात पिशव्या, कुणाच्या कडेवर मुलं. सगळे कुठे ना कुठे निघालेले. कणीक झाकली की ती विसरायची, हा बेकरीचा पहिला धडा. आणि सूनबाई धडा विसरणारी नव्हती.

सासूबाई वर आल्या तेव्हा दुपार कलली होती. "झाल्या लाटून?" म्हणत त्यांनी ओट्याकडे पाहिलं. ओटा कोरडा. मग भिंतीकडे पाहिलं. त्या गेल्या आणि त्यांनी फडकं उचललं.

गोळा सैलावला होता. पाठीवर बारीक बारीक बुडबुडे, आणि वास आंबूस. फडकं रोजचं होतं, आजीच्या बरणीतलं खमीर वर्षानुवर्षं प्यालेलं.

"अगं..." सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांना हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून. त्या ओट्याला धरून हसू लागल्या. "अगं बये, जगात एकच भाकर आहे जिला थांबायचं नसतं, तिला तू अंगाई म्हणून निजवलीस? वर पांघरूण घालून?"

सूनबाई परातीशी आली. तिनं बोटानं दाबून पाहिलं. खळगा हळूहळू भरून आला. तिला हसू आलं नाही.

"मला कळलंच नाही," ती म्हणाली. "हातांनी केलं."

"होतं गं. सवयीचा हात."

"तीच तर. मला थांबायचीच सवय झालीय, आई. न थांबणारी कणीक दिली तरी मी तिला थांबवते." आवाज फुटू नये म्हणून ती ठमीच्या पाठीवर थोपटत राहिली. "काल मला 'बरं' म्हणायचं नव्हतं. तेही असंच निघालं. सोमवारी तुम्ही काहीतरी सांगाल. खरंच काहीतरी असेल, खोटं नाही म्हणत मी. आणि मी पुन्हा बरं म्हणेन. ठमी मोठी होईल नि टेबलाला बाबा म्हणेल."

सासूबाईंचं हसू कधीच विरलं होतं. "एवढं मनात होतं तर बोलायचं."

"आता बोलतेय ना. मी उद्या जाते."

खाली भट्टीतलं लाकूड तडतडलं. सासूबाईंनी हात पुढे केले. "आण तिला इकडे. आधी भाकर कर. संध्याकाळ होत आली, चर्च काही तुझ्यासाठी थांबणार नाही."

मग जी धावपळ झाली! फुगलेला गोळा कागदात गुंडाळून बाहेर. परात पुन्हा घासली, ओटा पुन्हा घासला, फडकं गॅलरीत भिरकावलं. पीठ, पाणी. मळून होतंय न होतंय तोच लाटायला घेतलं. भाकरी वेड्यावाकड्या होत होत्या, कडेला चिरत होत्या, आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. हात असे झपाझपा चालले होते की तिचे तिलाच ओळखू येईनात. ताट घेऊन ती जिना उतरली; मागून ठमीला काखोटीला अडकवून सासूबाई.

"आई, झाकण काढा, माझे दोन्ही हात अडकलेत."

भट्टीचं झाकण लोखंडी, जाड, मुठीला धरून वर उचलायचं. सासूबाईंनी ठमीला खाली ठेवलं. दोन्ही हातांनी मूठ धरली. झाकण हललं, वीतभर उठलं, आणि धाडकन खाली पडलं. त्यांनी पुन्हा धरली. बोटं मुठीभोवती मिटतच नव्हती. धगीनं लाल झालेल्या चेहऱ्यानं त्या तशाच उभ्या राहिल्या, भट्टीकडे तोंड करून.

सूनबाईनं ताट खाली ठेवलं, झाकण स्वतः उचललं, फळीवरून भाकरी आत सारल्या. मग विचारलं, "कधीपासून?"

"थंडीपासून."

"डॉक्टर?"

"म्हणाला, मनगटातल्या शिरा दबल्यात. आता काही नीट व्हायचं नाही."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू गेली नसतीस."

"मी तशीही गेले नाही!"

"हो. पण ती माझ्या युक्त्यांनी राहिलीस. कीव करून राहिलेली सून मला नको होती." सासूबाईंनी ठमीला उचलायला हात खाली नेले आणि मग तिचं बोट तेवढं धरलं. "करपल्याचा वास येतोय. बघ."

आता झालं होतं काय, की आजवर सूनबाईला एका "फक्त"नं बांधलं होतं आणि तो "फक्त" सासूबाईंचा होता. आता गाठ तिची तिलाच बसली. ही बाई एकटी झाकणही उचलू शकत नाही. हे ठाऊक असताना गाडीत बसायचं कसं? बाहेरचं कुलूप तोडता येतं. आतून लागलेल्या कडीचं काय करायचं? चर्चपर्यंतच्या वाटेवर कोऱ्या फडक्यात गुंडाळलेल्या भाकरी तिच्या पोटाशी गरम लागत होत्या.

पाळक सावकाश वाचत होते. मिसर देशातली ती रात्र. घरोघर एक कोकरू, दाराच्या चौकटीला त्याचं रक्त, आणि ते रक्त पाहून मृत्यू ज्या घरांना ओलांडून गेला ती घरं. भाजलेलं मांस, कडू भाजी, बेखमीर भाकर. कमरा बांधून, पायांत जोडे घालून, घाईनं खायचं. हे सारं सूनबाई लहानपणापासून ऐकत आली होती. मग पाळकांनी चष्मा वर केला.

"त्या रात्री आणखी एक आज्ञा होती, ती आपण विसरतो. सकाळ होईपर्यंत कुणी घराच्या दाराबाहेर पडायचं नाही. बघा, जोडे पायांत आणि दार बंद. आपण म्हणतो, ही सुटकेची भाकर. पण ती खाल्ली तेव्हा सुटका झालेली नव्हती. ते अजून गुलामच होते. बाहेर आकांत चालला होता. उद्या कुठे जायचं, तिथे खायचं काय, म्हाताऱ्यांना चालवायचं कसं, एकाही प्रश्नाला उत्तर नव्हतं. उत्तरं मिळाल्यावर निघायचं ठरवलं असतं तर कणीक खुशाल फुगली असती. आणि प्रभूनं हीच भाकर हातात घेतली तीसुद्धा अशाच एका बंद खोलीत, धरून नेण्याच्या रात्री. आपल्या वल्हांडणाचा कोकरा तोच होणार होता. सुटकेची वाट न बघता त्यानं भाकर मोडली."

त्यांनी भाकर उचलली आणि मोडली. कडक होती, आवाज झाला. तुकडा जिभेवर आला तेव्हा सूनबाईला करपल्याची चव लागली. शेजारी सासूबाई खाली मान घालून चावत होत्या. त्यांनी कोपरानं तिला ढोसलं. "मीठ नसून बरी झालीय," त्या पुटपुटल्या. सूनबाईच्या डोळ्यांतून पाणी यायला तेवढं पुरलं.

परतताना उजेड होता अजून थोडा. ठमी सूनबाईच्या खांद्यावर झोपलेली. शिंपीणकाकूंच्या दुकानाशी सासूबाई थबकल्या, पण आजीची बरणी न्यायला आत गेल्या नाहीत.

"मी राहा म्हटलं, तर राहशील?" त्यांनी विचारलं.

सूनबाईला वाटलं, नाही म्हणावं, पण ते खोटं झालं असतं. "राहीन," ती म्हणाली.

"म्हणूनच राहा म्हणत नाही."

"आणि रविवार?"

"बंद ठेवीन. पाव नाही मिळाला तर लोक मरत नाहीत, फक्त शिव्या देतात. शिव्या मला ऐकू येतात, पण लागत नाहीत."

"आणि सोमवारपासून?"

"ते मला माहीत नाही," सासूबाई म्हणाल्या. "तुला तरी कुठं माहितीय, ती खोली कशी आहे? गळत असेल." मग त्या चालू लागल्या. सूनबाई मागोमाग. ती गाठ सुटली नव्हती. पण तिला कळलं होतं की ती सुटणार नाही आणि उद्या ती तशीच बरोबर घेऊन निघायचं आहे.

सकाळी गल्ली चिडीचूप होती. सुतकाचा शुक्रवार, प्रभूच्या मरणाचा दिवस, सगळी दुकानं बंद. एक बोचकं, एक पिशवी, ठमी. रात्री भरताना सूनबाई दोनदा थांबली होती आणि दोनदा पुन्हा भरू लागली होती. नाक्यावर गाडी उभी होती, इंजिन चालू. सासूबाई येणार नाही म्हणाल्या होत्या आणि आल्या होत्या.

"उन्हाळ्यात या तुम्ही," सूनबाई म्हणाली. "तिकडे बर्फ फुकट असतो."

"बघू. आधी तिथे नीट लाग." त्यांनी गाडीत डोकावून सीट पाहिली, खिडकी पाहिली, ड्रायव्हरकडेही संशयानं पाहून घेतलं. "पुढे नको बसूस. पोरीला उलटी होईल."

सूनबाई वाकली. सासूबाईंना हात डोक्यावर ठेवायचा होता, तो खांद्यावर पडला. तसाच राहिला. मग त्यांनी तिला हलकेच गाडीच्या पायरीकडे लोटलं.

गाडी हलली तशा त्या चार पावलं बरोबर चालल्या आणि खिडकीशी तोंड नेऊन ओरडल्या, "अगं टोपरं घाल तिला! वारा बघ केवढा आहे. आई झालीस, अजून तेवढंही कळत नाही!"